‘व इतर’मधले काका

त्यांचं नाव मी सांगणार नाही. त्यात गुपित काही नाही. आयुष्यभर त्यांनी सिनेमात कामं केली आणि एकाही सिनेमाच्या पाट्यांमध्ये ते नाव आलं नाही. तेव्हा मी एकट्याने कशाला नवा पायंडा पाडू? पाट्यांच्या अगदी शेवटी, नाचणाऱ्या मुलींची नावं संपली की, ‘व इतर’ एवढीच दोन शब्दांची ओळ यायची. ती आली की काका खुर्चीत सरळ बसायचे, कोटाचं वरचं बटण लावायचे आणि शेजारच्याला कोपराने ढोसून म्हणायचे, "आलं बघ."

त्यामुळे बुवापाड्यात सगळे त्यांना इतरकाका म्हणत. काही लहान मुलांना तर ‘इतर’ हे त्यांचं आडनावच वाटायचं.

अंबरनाथला, बुवापाड्यातल्या आमच्या बैठ्या चाळीत त्यांची खोली आमच्या खोलीला लागून होती. मधली भिंत इतकी पातळ की त्यांनी तिकडे शिंक दिली की आमच्याकडे आई ‘सत्य आहे’ म्हणायची. एकदा दुपारी पलीकडून "पाणी... पाणी..." असा घोगरा आवाज आला. आई तांब्या घेऊन धावली. काका जमिनीवर उताणे पडून शेवटचे श्वास घेत होते. आईने त्यांचं डोकं मांडीवर घेऊन पाणी पाजलं, तसे ते उठून बसले आणि चिडून म्हणाले, "वहिनी, मला पाणी मिळायचं नाहीये! पाणी मिळालं तर मी मरत नाही. आणि मी मेलो नाही तर हिरो सूड कुणाचा घेणार?"

आईने उरलेलं पाणी तुळशीला घातलं. त्या दिवसापासून काकांनी कितीही टाहो फोडला तरी ती शांतपणे तांदूळ निवडत बसायची.

दिसायला ते मधल्या उंचीचे, मधल्या रंगाचे, मधल्या वयाचे. गर्दीत हरवायला देवाने मुद्दाम घडवल्यासारखे. पण सकाळी ते आमच्या दारात चहाला उभे राहिले की आईला रोज विचारावं लागे, "आज कोण?"

"आज फौजदार."

मग आई चहा पुढे करायची आणि मी अंथरुणातून उठून बसायचो, कारण फौजदारांना झोपलेला तरुण बघवत नसे. न्यायाधीश असले की काका बिनसाखरेचा चहा पीत आणि पिऊन झाल्यावर कपाकडे खेदाने बघत. डॉक्टर असले की आई त्यांना आपली जीभ दाखवायची. "अगं, तो सिनेमातला डॉक्टर आहे," मी म्हणायचो. आई म्हणायची, "असू दे. बघतोय ना नीट?"

भिकाऱ्याचं काम होतं तेव्हा ते आमच्या घरी आलेच नाहीत. तीन दिवस अंबरनाथच्या शिवमंदिराबाहेर बसले. चौथ्या दिवशी दोन पोती तांदूळ, एक घोंगडी आणि देवळातल्या खऱ्या भिकाऱ्याची दोस्ती घेऊन परत आले. तांदूळ त्यालाच देऊन टाकले. घोंगडी ठेवली, म्हणाले, "पात्राची आठवण."

एका पत्र्याच्या ट्रंकेत त्यांच्या मिशा असत. प्रत्येक मिशी वेगळ्या पुडीत, पुडीवर नाव: सावकार, हवालदार, मुलीचा बाप (गरीब), मुलीचा बाप (श्रीमंत). एका पावसाळ्यात उंदराने ‘जज्ज’ खाल्ला, तेव्हा काकांनी दोन दिवस सुतक पाळल्यासारखं केलं.

मात्र त्यांची खरी भिस्त मिशांवर नव्हती. "माणूस तोंडात नसतो रे," ते म्हणायचे, "टाचेत असतो. चाल सापडली की बाकीचा माणूस आपोआप तिच्यामागून येतो." त्यामुळे नवं काम मिळालं की ते चाल शोधायला निघत. अमुक एक माणूस पसंत पडला की आठ दिवस त्याच्या मागून, वीस पावलांचं अंतर ठेवून फिरायचं. तो पान खाईल तिथे पान, तो बसेल तिथे बसायचं. नवव्या दिवशी ते त्या माणसासारखे खोकायचे. ओळखीचा असला तर आधी रीतसर परवानगी मागायचे: "आठ दिवस तुमची चाल वापरतो. सिनेमा झाला की परत." आमच्या चाळीतला एक लंगडा फिटर, ज्याची चाल त्यांनी एका स्मगलरसाठी नेली होती, तो पुढे कित्येक वर्षं "ही सिनेमातली आहे" म्हणून पाय जरा जास्तच ओढत चालायचा.

मी एकदा लाजत लाजत विचारलं, "काका, माझी चाल कधी घ्याल?"

त्यांनी मला दारापासून नळापर्यंत चालायला लावलं. मग परत. मग म्हणाले, "तुझी अजून बसली नाही. बसली की सांग."

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. काड्यापेट्यांच्या कारखान्यात टाइमकीपर होतो. वडील वारल्यापासून मी घरातला कर्ता पुरुष होतो, फक्त ही गोष्ट मला सोडून कुणाच्या लक्षात आलेली नव्हती. दारात आलेला माणूस माझ्या डोक्यावरून आत बघत विचारायचा, "घरात कुणी आहे का?"

हीच गोष्ट माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुमनच्या, मुळावर आली. तिची दोन स्थळं परत गेली होती, आणि दोन्ही वेळा कारण एकच: बोलणी करायला मुलीच्या बाजूने कुणी मोठं माणूस नाही. मी तिथेच सतरंजीवर बसलेलो असायचो, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. सख्खा काका होता आम्हाला, साताऱ्याकडे. पण एका पितळी घंगाळावरून त्याचं आणि आईचं बिनसलं होतं. आईने मान खाली घालून तीन पत्रं लिहिली. घंगाळ पाठवते, पण बैठकीला ये, असंही लिहिलं. एकाचंही उत्तर नाही.

तिसरं स्थळ आलं ते बदलापूरचं. मुलगा कल्याणला पोस्टात होता. सुमन त्याच्या खिडकीवर दोनदा तिकिटं घ्यायला जाऊन आली होती, आणि आईच्या त्या तीन पत्रांनंतर घरातून एकही पत्र जात नसताना पुढे महिनाभर तिकिटं पुरत होती. मध्यस्थ म्हणाले, "माणसं चांगली आहेत. शिरगावला भातशेती आहे. मुलाच्या वडिलांना सगळे तात्या म्हणतात. त्यांची अट एकच, बोलायला घरातलं वडीलधारं माणूस हवं. पुढच्या पंधरवड्यात येतील."

मध्यस्थ गेल्यावर सुमन चुलीशी बसून राहिली. रडली वगैरे नाही. नुसती म्हणाली, "आई, तिकिटं उरलीत. कुणाला हवीत का बघ."

आईने पदर खोचला आणि शेजारच्या दारावर थाप मारली.

"भावोजी, एक काम आहे."

"रोल केवढा आहे?" आतून आवाज आला.

"मुलीचा काका."

दार उघडलं. काकांच्या चेहऱ्यावर मी आधी कधी न बघितलेला उजेड होता. "संवाद आहेत?"

"सगळे संवाद तुमचेच," आई म्हणाली. मग जरा घुटमळली. "पण हे खोटं बोलणं होईल हो."

"खोटं नाही, वहिनी. भूमिका."

"आणि लग्न झाल्यावर?"

"त्याची काळजी नको," काका म्हणाले. "सिनेमा लग्नापाशीच संपतो."

कोट शिवायला मला घेऊन ते उल्हासनगरला कॅम्पात गेले. तिथला एक सिंधी शिंपी त्यांचा जुना दोस्त होता. मुलुख मागे टाकून आलेला माणूस. बराकीतल्या अर्ध्या खोलीत त्याचं मशीन आणि अर्ध्या खोलीत संसार. काकांचे सगळे पोशाख तोच शिवायचा आणि आपण सिनेमावाले आहोत असं गिऱ्हाइकांना सांगायचा.

"बोलो साईं, किसका कोट? बाप का, के चाचा का?"

"चाचा का."

"तो बाजू में दो इंच ढीला रखता हूं," तो टेप लावत म्हणाला. "बाप को लड़की की चिंता है, वो दुबला होता है. चाचा को क्या चिंता?" मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ये कौन? नौकर?"

"मुलीचा भाऊ आहे," काका म्हणाले.

"अच्छा," शिंपी म्हणाला, आणि त्याने पुन्हा टेपकडे लक्ष दिलं.

कोट झाला. आता चाल हवी होती. "अंबरनाथमध्ये नाही मिळायची," काका म्हणाले. "इथली माणसं भोंग्याने चालतात. रविवारीही त्यांच्या पायांना उशीर झालेला असतो. उल्हासनगरची माणसं दिवसभर दुकान मांडण्याच्या घाईत. मला असा माणूस पाहिजे ज्याला कुठेही वेळेवर पोचायचं नाही." म्हणून ते बदलापूरला गेले.

मुलाचं घर बदलापूरचं, हे मला माहीत होतं. काकांनाही माहीत होतं. पण बदलापुरात काय एकच माणूस राहतो? असा आम्ही दोघांनीही विचार केला. खरं तर मी तोही केला नाही.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी ते उड्या मारत परत आले. "सापडला! बाजारात. काय माणूस आहे! असा भारदस्त माणूस मी स्टुडिओतसुद्धा बघितला नाही." पुढचे सात दिवस रोज नवी बातमी. हा गृहस्थ हात पाठीमागे बांधून चालतो. समोरून पोर आलं तरी दोन्ही हात जोडतो. चहा बशीत ओततो, पण पहिली बशी शेजारच्याला देतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, कुणी काही विचारलं की एकदम उत्तर देत नाही. डोक्यावरची काळी टोपी काढतो, तिच्यात आत टक लावून बघतो, पुन्हा घालतो, आणि मग बोलतो.

"टोपीत काय बघतो?" मी विचारलं.

"ते आपलं काम नाही," काका म्हणाले. "बघतो, एवढं खरं. आणि समोरच्याला वाटतं, उत्तर आतून आलं."

नवव्या दिवशी आईने विचारलं, "आज कोण?" काकांनी टोपी काढली, आत बघितलं, घातली आणि खर्जात म्हणाले, "आज मुलीचा काका." आईच्या अंगावर काटा आला. म्हणाली, "खरा काका असा असता तर घंगाळ मीच नेऊन दिलं असतं."

रविवारी सकाळी मंडळी आली. मध्यस्थ, मुलगा, आणि तात्या. मी स्वागताला पुढे झालो. तात्यांनी माझ्या हातात छत्री दिली आणि माझ्या डोक्यावरून आत बघितलं. आत सतरंजीवर काका बसले होते. तात्या क्षणभर दारात थबकले. मग दोन्ही हात जोडून समोर येऊन बसले.

मी काकांकडे बघितलं. ते पांढरे पडले होते. मला कळेना, यांना झालं काय. मध्यस्थ म्हणाले, "मग तात्या, मुलीबद्दल काही विचारायचंय?"

तात्यांनी काळी टोपी काढली. आत बघितलं. पुन्हा घातली. "विचारायचं असं काही नाही," ते म्हणाले. "घरच्या मोठ्या माणसांनीच दोन शब्द सांगावेत."

आणि मला कळलं.

आता काकांनी काहीही करावं, फक्त ते करू नये, अशी मी अंबरनाथच्या महादेवाची प्रार्थना केली. पण अंगात घेतलेला माणूस उतरवायला त्यांना दोन दिवस लागत, हे मला ठाऊक होतं. काकांचा उजवा हात वर गेला. त्यांनी टोपी काढली. आत बघितलं. मला वाटतं, त्या दिवशी ते खरोखरच काहीतरी शोधत होते. मग टोपी घातली आणि तात्यांच्याच खर्जात म्हणाले, "मुलगी गुणी आहे."

दाराआडून सुमनच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मध्यस्थ एकदा या टोपीकडे, एकदा त्या टोपीकडे बघू लागले.

आईने घाईघाईने चहा आणला. चहा आणायला नको होता, पण तिला कुठे माहीत? दोघांनी बशीत चहा ओतला. दोघांनी ती बशी समोरच्यापुढे केली. दोन बश्या सतरंजीच्या मधोमध एकमेकींना भिडल्या आणि तिथेच थांबल्या, कारण दोघांपैकी एकही मागे हटेना. चहा माझ्या धोतरावर सांडला. मी कर्ता पुरुष या नात्याने तो सोसला.

तात्या उठले. "जरा बाहेर येता?" ते काकांना म्हणाले.

खिडकीतून आम्हाला दिसत होतं. चिंचेखाली दोघे हात पाठीमागे बांधून, एका चालीने, इकडून तिकडे फिरत होते. टोकाला गेले की एकदम वळत होते. सुमन माझ्या मागे येऊन उभी राहिली. "दादा," ती हळूच म्हणाली, "ते चिडलेत का रे?"

"नाही गं," मी म्हणालो. मला तात्यांचा चेहरा दिसत नव्हता. पाठ तर दोघांची सारखीच होती.

दोघे परत आले. तात्या म्हणाले, "ठरलं. मुहूर्त बघा."

मंडळी गेल्यावर आम्ही काकांना घेरलं. "काय बोलले ते?"

"काही कळलं नाही," काका भिंतीला टेकून म्हणाले. त्यांना घाम फुटला होता. "मला विचारलं, ‘मग? पास का?’ मी टोपीत बघितलं आणि म्हणालो, ‘पास.’ तर त्यांनी माझे दोन्ही हात धरले."

लग्न झालं. काकांनी काकाचं काम इतकं चोख केलं की पाठवणीच्या वेळी आईपेक्षा ते जास्त रडले, आणि ते रडणं कुणाकडून उचललेलं होतं हे मला आजतागायत ओळखता आलेलं नाही.

फक्त सिनेमा लग्नापाशी संपेना. दिवाळी आली, संक्रांत आली, प्रत्येक सणाला बदलापूरहून निरोप यायचा, "काकांना घेऊन या." काका कोट चढवून, खर्ज लावून जायचे. दोघे व्याही ओटीवर समोरासमोर बसायचे आणि टोप्यांत बघत तासाला चार वाक्यं बोलायचे. परत येताना काकांची कंबर धरलेली असायची. म्हणायचे, "इतका लांबलेला रोल आयुष्यात केला नाही. कट म्हणायलाच कुणी नाही."

सुमन माहेरी आली की सांगायची, "मामंजी चांगले आहेत हो. पण एरवी फार निराळे. शेतावरून येताना पळतच येतात. बैलांशी बोलतात तेव्हा मी आपली कानावर हात ठेवते. काका यायचे म्हटलं की मात्र सकाळपासून टोपी शोधत असतात." आम्ही ऐकलं आणि सोडून दिलं. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला नेहमीच थोडा वेळ लागतो.

पुढच्या वर्षी काकांना जन्मातलं सगळ्यात मोठं काम मिळालं. गावच्या म्हाताऱ्या पाटलाचं. दोन प्रसंग, अकरा वाक्यं. ते आईकडे आले. "वहिनी, घेऊ का?"

आई हबकली. सुमनला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. "तात्यांनी बघितलं तर? सिनेमातल्या नटाला काका म्हणून बसवला, असं कळलं तर माझ्या पोरीचं काय होईल?"

"नको म्हणून कळवतो," काका म्हणाले आणि उठले. त्यांच्या पाठीकडे बघून आईलाच राहवलं नाही. "पांढरी दाढी लावाल का? छातीपर्यंत?"

"गुडघ्यापर्यंत लावतो!"

दाढी लावली. पण पाटलाला चाल हवी, आणि अंगात मुरलेली चाल एकच होती. त्यात डायरेक्टरला ते टोपीचं फार आवडलं. म्हणाला, प्रत्येक वाक्याआधी करा. अकरा वाक्यं होती.

सिनेमा कॅम्पातल्या पत्र्याच्या थेटरात लागला. सुमनच्या डोहाळजेवणाची साडी घ्यायला तात्या, जावई, काका आणि मी असे दुपारी कॅम्पात गेलो होतो. थेटरावरच्या फलकावर बैलांची शर्यत रंगवलेली होती. तात्या थबकले. "बैल आहेत," ते म्हणाले. "बघू या."

"माझं डोकं दुखतंय," काका म्हणाले.

"आत बसल्यावर थांबेल," तात्या म्हणाले.

पाट्या सुरू झाल्या. ‘व इतर’ आलं आणि गेलं. काका बटण लावायला विसरले. बैल आले, तात्या खूश झाले. मग पाटील आला. पांढरी दाढी, हात पाठीमागे. पंचायतीने काहीतरी विचारलं. पाटलाने काळी टोपी काढली, आत बघितलं, घातली. मी तात्यांकडे चोरून बघितलं. ते पुढे वाकले होते. पाच वाक्यं झाली, सहा झाली. दाढी तग धरून होती. मला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक माणूस उठून उभा राहिला आणि दोन्ही हात पसरून ओरडला, "अरे, मेरा कोट! साईं लोग, देखो, ये कोट मैंने सिया है! चाचावाला कोट!" मग त्याने मागे वळून बघितलं आणि त्याला आम्ही दिसलो. "अरे साईं! आप इधर भी, उधर भी! वाह! लड़की की शादी हो गई?"

शिंप्याला लोकांनी खाली बसवलं. आमच्या रांगेत कुणी हललं नाही. इंटरव्हल झाली. तात्या उठले आणि काकांना म्हणाले, "बाहेर या."

मीही गेलो. शेंगदाणेवाल्याच्या गाडीपाशी दोघे उभे राहिले. तात्यांनी बराच वेळ काकांना खालून वर बघितलं. काकांनी आपली टोपी काढली. मला वाटलं, आता पुन्हा आत बघणार. पण त्यांनी ती हातातच ठेवली.

"तात्या," ते म्हणाले, "मी मुलीचा काका नाही. शेजारी राहतो. सिनेमात कामं करतो. सगळी चूक माझी. मुलीला बोल लावू नका."

फौजदाराचा नाही, जज्जाचा नाही, पाटलाचा नाही. तो एक बारीकसा, थोडा चिरका आवाज होता. दहा वर्षं भिंतीला भिंत लावून राहत होतो, पण तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

तात्या म्हणाले, "आनि बाजारात माझ्या मागं मागं फिरत व्हतास, ते कशापायी?"

मी दचकलो. हा खर्ज नव्हता. ही ती बैलांशी बोलायची भाषा असावी.

"तुमची चाल घेत होतो," काका म्हणाले. "मुलीच्या काकासाठी. तुम्ही कोण ते माहीत नव्हतं."

तात्यांनी कपाळावर हात मारला. "आरं देवा! मी तुला मुलीकडचा चौकशीचा मानूस समाजलो! पान घ्यायला जातो तर हा हाय. देवळात जातो तर खांबामागं हा. मी म्हनलं, मोठं घर दिसतंय, मागं मानूस लावलाय. आपल्यामुळं पोराचं जमता जमता मोडाय नको. आठ दिस तंबाखू सोडली मी! हात मागं बांधून चाललो, गुडघ्याची वाट लागली. बैलाला ‘अहो’ म्हनलो, बैलाला! गावातली मान्सं घरी इचारायला आली, तात्याला वैद्य दावला का म्हून."

"आणि... आणि टोपी?" काकांनी विचारलं.

"टोपीत काय बगनार, डोंबल? तोंडात शिवी यायची. ती गिळायला येळ लागतो. तवर कुठं बगायचं, म्हून टोपीत बगायचो. मंग बैठकीला आलो तर तूच समोर बसलेला, मुलीचा काका म्हून! मी म्हनलं, मानूस लावला नाय, सोता फिरला. आनि तवापासनं तू आलास की मी बसतोय तसाच, टोपी घेऊन! वरीस झालं!"

शेंगदाणेवाला हसायला लागला. मला हसावं की पळावं ते कळेना. काका मात्र हसले नाहीत. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"म्हणजे ते खरं नव्हतं?" ते म्हणाले. "मी आठ दिवस अभ्यास केला, तो नाटकाचा?"

"मंग!"

"आणि मला कळलं नाही." त्यांनी खाली मान घातली. मग एकदम दोन्ही हात जोडले. "तात्या, इतकी वर्षं मी या धंद्यात आहे. असा नट मला भेटला नाही. तुम्ही स्टुडिओत चला."

"आनि भात कोन लावील?" तात्या म्हणाले.

मी धीर एकवटून पुढे झालो. "तात्या, सुमनचं..."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्या डोक्यावरून न बघता माझ्याकडे बघितलं. "सुमनचं काय? ती आमच्या घरची हाय. खरा काका कुठं असतो तिचा?"

"साताऱ्याकडे."

"आला का येकदा तरी?"

"नाही."

"मंग हा आठ दिस उनातानात फिरला, तो काका." ते काकांकडे वळले. "पर येक सांगतो. हितनं पुढं माझ्या वटीवर मी तंबाखू खानार. आनि तू तुझ्या आवाजात बोलायचं. चल, बैल सुरू झालं असतील."

सिनेमाचा पुढचा भाग दोघांनी मिळून बघितला. तात्यांना उरलेली पाच वाक्यं पसंत पडली नाहीत. "टोपी लई लवकर घातलीस," ते म्हणाले. "मोठी शिवी आसंल तर जास्त येळ बगावं लागतं."

सुमनला मुलगा झाला. बारसं आमच्याकडे, बुवापाड्यात. पण पहिला नातू म्हणून तात्यांनी कल्याणच्या छापखान्यात पत्रिका छापून आणल्या. बारशाची छापील पत्रिका आमच्या चाळीने तोवर बघितलेली नव्हती. गठ्ठा घेऊन ते थेट काकांच्या खोलीत गेले, मागून आम्ही सगळे. खाली निमंत्रकांची नावं होती. सर्वांत वर तात्यांचं. त्याखाली, ठळक अक्षरांत, ‘मुलाच्या आईचे काका’ असं लिहून इतरकाकांचं संपूर्ण नाव: त्यांचं, वडिलांचं, आडनाव.

काकांनी पत्रिका हातात घेतली आणि उभ्यानेच वाचली. कोटाचं वरचं बटण लावलं. नावावरून एकदा बोट फिरवलं, शाई वाळली आहे का बघत असल्यासारखं. त्या दिवशी आईने ‘आज कोण?’ असं विचारलं नाही.

मग त्यांचं बोट सवयीने खाली सरकत गेलं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. तिथे बारीक टायपात छापलं होतं: ‘व इतर आप्तेष्ट’.

"यात कोण आलं?" त्यांनी काळजीने विचारलं.

मी पत्रिका घेतली. वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. तात्या होते, जावई होते, आई होती, मध्यस्थसुद्धा होते.

"मी," मी म्हणालो.

काकांनी पुढे होऊन माझ्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि आपल्या त्या बारीक, चिरक्या आवाजात म्हणाले, "सरळ उभा राहा. आलं बघ."